चारशे सतराव्या ओळीचा जनक

सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या बीजकोशात त्या दुपारी एकच विषय होता: संबंधकोशाची बारावी आवृत्ती. संबंधकोश म्हणजे तक्त्यांतल्या ओळींची एकमेकींशी नाती सांभाळणारी संगणक यंत्रणा. बीजकोशातल्या प्रत्येक बियाण्याच्या पाकिटाची त्यात एक ओळ होती. संचालक डॉ. सुहृद राजहंस यांनी नव्या आवृत्तीचे इतके गोडवे गायले होते की उपाहारगृहातल्या आचाऱ्यालाही ते पाठ झाले होते. शोध चौपट वेगवान, वंशावळ आपोआप, आणि अनाथ ओळींना थारा नाही.

"अशी एकच ओळ उरलीय, सर," संबंधकोश सांभाळणारी इंद्रायणी घोटेकर म्हणाली. "चारशे सतरा. भात, एक्केचाळीस दाणे. नाव नाही आणि जनकाचा रकाना रिकामा. चार वाजता आवृत्ती चढली की ओळ जाणार, आणि ओळ गेली की यंत्रहात पाकीट भट्टीत टाकणार."

"नियम म्हणजे नियम. अर्धवट नोंदींनी कोश भरला तर उद्या काहीच सापडणार नाही."

सुहृद वाईट माणूस नव्हता. फक्त नीटनेटकेपणाचं त्याला वेड होतं. घरी चमचेसुद्धा तो उंचीप्रमाणे लावत असे.

"ज्यांनी ते दिलं त्या ठकूबाई भांगरे बाहेर बसल्यात," इंद्रायणी म्हणाली. "पुरानं दोनदा भाताची खाचरं धुऊन नेली, घरचं बियाणं संपलं. या एक्केचाळीस दाण्यांखेरीज ते भात आता कुठंच नाही. निदान भेटा तरी."

ठकूबाई आत आल्या त्या पत्र्याचा डबा घेऊनच. खुर्ची त्यांनी नाकारली नाही, चहाही नाही.

"आजी, या भाताचं नाव काय?" सुहृदने विचारलं.

"नाव? भात."

"जात कोणती?"

"आता घरात का कुनी आडनावानं हाक मारतं, सायब? बाहेर गेलं की लागतं नाव."

"बरं, आणलं कुठून?"

"आनायचं कशाला? हितलंच हाय ते."

सुहृदने इंद्रायणीकडे पाहिलं. घोळ कुठे झाला होता ते उघड होतं. बियाणं गोळा करणारे गावोगाव हाच प्रश्न विचारत, "कुठून आणलं?" लोक शेजारच्या गावाचं नाव सांगत, आणि त्या गावच्या बियाण्याची ओळ जनकाच्या रकान्यात भरली जाई. एकट्या ठकूबाईंनी कुठूनच आणलं नव्हतं.

"सर, नव्या आवृत्तीत रंगीत तालीम करता येते," इंद्रायणी म्हणाली. "ती काही पुसत नाही. पुसलं तर काय होईल, एवढंच सांगते. करू?"

साडेतीन वाजले होते. सुहृदने मान हलवली.

पडद्यावर उत्तर आलं: चार वाजता भाताच्या सहा हजार एकशे तेरा ओळी जातील.

"म्हणजे सगळ्याच! यंत्र बिघडलंय!" सुहृद ताडकन उठला.

"यंत्र ठीक आहे. जुनी आवृत्ती माणसानं लिहिलेला जनक मानायची. नवी आवृत्ती जनुकक्रम ताडून जनक स्वतः शोधते. आपल्याकडचं प्रत्येक भात मागं मागं नेलं की चारशे सतरावर येतं. ती ओळ गेली की तिची लेकरं अनाथ होतात, म्हणून तीही जातात. मग त्यांची लेकरं."

"माझं राजहंस-सात?"

"पणतू."

सुहृद मटकन बसला. त्या वाणासाठी त्याला दोन मानपत्रं मिळाली होती, आणि 'मूळ' या रकान्यात त्याने मोठ्या ऐटीत 'संस्था' लिहिलं होतं. मग त्याला हसू आलं, अगदी मनापासून.

"म्हणजे वंशावळीत अनाथाला थारा द्यायचा नाही असं ठरवलं, तर सगळ्यांत आधी मूळपुरुषच बाहेर!"

"आणि मागं कुणीच उरत नाही. पण मुळाचा अपवाद केला, तर उद्या प्रत्येक अर्धवट नोंद स्वतःला मूळच म्हणवील."

पावणेचार. ठकूबाईंनी डबा पुढे केला.

"तुमचं चालू द्या. माह्यापुरतं बी घाला यात."

सुहृदने पाकीट मागवलं आणि वीस दाणे स्वतः मोजून डब्यात टाकले. पडद्यावर लगेच विचारणा झाली: बाहेर जाणाऱ्या बियाण्याचं नाव?

"आजी, आता तरी नाव सांगा. बाहेर चाललंय ना?"

"बाहेर कुठं? घरी चाललंय. बाहेर आलंय ते तुमच्याकडं."

"म्हणजे याचं घर तुमचं खाचर!" सुहृद म्हणाला. मग त्याने घाईघाईने संबंधकोशातला जागांचा तक्ता उघडला आणि त्यातली एक जागा चारशे सतराव्या ओळीला जनक म्हणून जोडली: ठकूबाई भांगरे यांचं खाचर.

"जागांच्या तक्त्यात जनकाचा रकानाच नाही, म्हणजे जागा अनाथ ठरूच शकत नाही!" इंद्रायणी आनंदाने ओरडली. "मातीला कुणी विचारत नाही, कुठून आलीस."

चार वाजले. बारावी आवृत्ती चढली. अनाथ ओळी: शून्य. फक्त चारशे सतराव्या ओळीत एक रकाना लुकलुकत होता: नाव?

ठकूबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि उरलेल्या एकवीस दाण्यांकडे, सासरी निघालेल्या पोरीकडे पाहावं तसं, एकवार पाहिलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पन जपा, सायब."

सुहृदने नाव लिहिलं: लेक.