फळीवरचे दोन पंजे

"हरिहरदादाच! त्याच्यासारखा सेंटर ठाण्यात झाला नाही, होणार नाही!" बाळ ओरडला.

"आन् माझा बाबा?" गोदा उसळली. "अठ्ठेचाळीस साली कल्याणवाल्यांना एकट्यानं लोळवलेलं त्यानं!"

ही १९५७ची मे महिन्याची सुट्टी. टेंभी नाक्याजवळ तेव्हा क्लबचं मैदान होतं. आता तिथे इमारती आहेत, पण काय दिवस होते ते! बास्केटबॉलच्या खांबावर लाकडी फळी आणि फळीवर गेरूचे दोन पंजे. क्लबची रीतच होती. सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी, खेळणं सोडताना हाताला गेरू फासून उडी मारायचा. खालचा पंजा गोदाच्या बाबाचा, धाकूचा. त्याच्या चार बोटं वर हरिहरचा, गेल्याच दिवाळीतला. तेवढ्यावर क्लबचे चिटणीस भाऊ यांनी निकाल देऊन टाकला होता. त्याच दुपारी पेंटर पाटीवर 'सर्वश्रेष्ठ सेंटर' म्हणून हरिहरचं नाव रंगवणार होता.

गोदाचे डोळे भरून आले. धाकू आता मिठागरावर राबायचा. त्या पंज्याशिवाय खेळातलं काहीच उरलं नव्हतं त्याच्याकडे.

इतक्यात त्यांची मैत्रीण सरोज क्लबच्या खोलीतून धावत आली. "अरे, धाकूकाकांनी पंजा उठवला त्या दिवसाचा फोटो पाहिलात आत? खांबावरचा लाल पट्टा धाकूकाकांच्या गुडघ्याला लागतोय. आणि इथे बघा, माझ्यासुद्धा अर्ध्या पोटरीलाच!"

"काका उंच, फोटोत पट्टाही उंच!" बाळ म्हणाला.

"शहाणाच आहेस! पट्टा काय उड्या मारतो? जमीन वर आलीय!"

खुरपं आणलं, खांबापाशी खणलं. वर लाल मुरूम, खाली काळी माती! बाळनं फूटपट्टी लावली. अकरा इंच!

"दर दसऱ्याआधी इथे दोन गाड्या मुरूम पडतो," बाळ पुटपुटला. "म्हणजे हरिहरदादानं अकरा इंच वरून उडी मारली, तरी पंजा चारच बोटं वर!"

तिघं धावत सुटली. पाटीवर 'ह' उमटला होता!

"थांबा!"

भाऊंनी आधी डोळे वटारले, मग खड्डा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "दरवर्षी मुरूम मीच मागवतो, आणि मलाच उमजू नये! शाब्बास रे पोरांनो!"

पाटी बघायला आलेला हरिहर मनमोकळा हसला. "पुसा तो 'ह'! मला उडी मारायला शिकवली धाकूदादांनीच."

संध्याकाळी धाकू आला. पायांना मीठ तसंच होतं.

"बाबा, तुला ठाव व्हता?" गोदानं विचारलं.

"व्हता. मुरूम मीच टाकायचो नं दर साली."

"मंग बोललास का नाय?"

"पोरं चिखलान घसरून पडायची गो. पंजा खाली गेला तं गेला."

धाकू खड्ड्यात उतरला आणि फळीकडे बघत उभा राहिला. लाल पट्टा पुन्हा त्याच्या गुडघ्याला लागला होता.

मग तो बाहेर आला आणि म्हणाला, "आता बुजवा रे यो. कोन तरी पडंल."