पिकअप नसलेली गाडी आणि बेल्ह्याचा ऋषी

आळेफाट्याच्या चौकात मी ॲक्सिलरेटर दाबला आणि माझी नवी गाडी विचार करत बसली.

खरंच विचार करत बसली. इंजिन गुरगुरलं, काटा वर गेला, आणि गाडी मात्र मानपानावरून रुसलेल्या आत्यासारखी जागच्या जागी. मागून कर्रकन ब्रेक लागला. आरशात पाहिलं तर टेम्पो, टेम्पोत दोन बैल आणि बैलांच्या पुढं एक माणूस. तिघंही माझ्याकडं सारख्याच नजरेनं बघत होते.

बैल आधी निवळले. माणूस खाली उतरून आला.

"ओ मॅडम... गाडी चालू हाय का झोपलीय?"

"चालू आहे. ऑटोमॅटिक आहे. जरा उशिरा उचलते."

"मंग चौकात यायच्या आधी तिला सांगून ठेवायचं ना."

मी जनावरांची डॉक्टर. समोर येईल त्याचे दात, चाल आणि डोळे बघून जमेला काय आणि खर्ची काय, हे मनात मांडून टाकायची मला खोड आहे. याचे दात पांढरे. चाल शांत. डोळ्यांत हसू होतं आणि ते लपवायची धडपड होती. खर्ची एकच — जीभ.

"बैल बेल्ह्याच्या बाजारी चाललेत ना, भाऊ?" मी काच आणखी खाली केली. "डावीकडचा सारखा कलतोय, मागचा पाय टेकत नसणार. खूर बघा त्याचं. गिऱ्हाइकाच्या आधी माझ्या लक्षात आलं, नशीब समजा."

तो मागं वळला. मी पुन्हा पाय दाबला. गाडीनं पुन्हा विचार केला... आणि निघाली. आरशात पाहिलं, तर तो खुराकडं बघत नव्हता. माझ्या नंबर प्लेटकडं बघत होता.

गाडी मी स्वतःच्या कमाईवर घेतली होती, आणि अवसरीतल्या आमच्या घरात तिची बाजू घेणारी मी एकटीच होते. माझे बाबा, जयवंत, जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावले आणि म्हणाले, "क्लच न्हाई, गेर टाकायचा न्हाई. मग डाव्या पायानं काय करायचं, भजनाचा ताल धरायचा?"

आईचा, द्रौपदाचा, गाडीवर राग नव्हता. उलट माया जरा जास्तच होती. सीटवरचं प्लॅस्टिक काढायची तिची परवानगी नव्हती. मी रोज गोठ्यागोठ्यातून शेणाचे गमबूट घेऊन परत यायची, आणि ती कपाळाला हात लावायची, "नव्या गाडीचं वाटोळं करशील तेजू!"

शोरूमवाल्यांनी चक्कर मारून पाहिली, सपाट रस्त्यावर. "मॅडम, गाडी ओके आहे. तुमचा पाय नवीन आहे."

माझा पाय! हा पाय सात गावांच्या चिखलात स्कूटी चालवून तयार झालेला. पण बाई म्हणते गाडी उचलत नाही, म्हणजे बाईच दाबत नसणार — हा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात आधीच तयार होता. मी ठरवलं, गाडी विकणार नाही, भावाला देणार नाही, आणि माझ्या पायाची माफीही मागणार नाही.

पुढच्या बाजारी बेल्ह्यात लसीकरणाचं टेबल लावलं होतं. तो समोर येऊन उभा राहिला.

"खुरात खिळा व्हता," तो म्हणाला. "बैल इकलाच न्हाई मी त्या दिशी. आमच्या आण्णांनी लई शिव्या घातल्या."

"मग मला शिव्या द्यायला आलात?"

"न्हाई. नाव सांगायला आलोय. ऋषी."

"तेजस्विनी. खुराला औषध लावताय ना, ऋषीभाऊ?"

"लावतो की. फक्त ते... भाऊ तेवढं काढता येईल का?"

मी सुईत औषध भरत होते. मान खालीच ठेवली, नाहीतर हसू दिसलं असतं.

मग दर बाजारी तो काहीतरी निमित्त काढून यायचा. कधी बैल खोकतोय, कधी बैल खोकत नाहीये म्हणून काळजी वाटतेय. त्यानंच मला रुमालाखालचा सौदा दाखवला. बेल्ह्याचा जुना रिवाज: घेणारा नि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव करतात. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा, खाली खरा व्यवहार. त्याचे वडील, हौशीराम आण्णा, या कामात इतके तरबेज की समोरच्याच्या तळहाताच्या घामावरून त्याची गरज ओळखायचे.

"आन् आख्खा पंजा दाबला," ऋषी म्हणाला, "की सौदा पक्का."

"दाखवा बघू."

तो थबकला. रुमाल खांद्यावरून अर्धा निघाला... आणि परत खांद्यावर गेला. "लोकं बघत्यात," तो पुटपुटला.

"माझी गाडी बरी," मी म्हटलं. "उशिरा का होईना, उचलते तरी."

त्याचे कान लाल झाले. जमेला एक नोंद पडली.

आमच्या दोघांच्या मधे काय होतं, ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, ऋषीच्या घरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. अवसरी ते बेल्हे रस्ता गाडीचं मीटर मोजतं. हे दुसरं अंतर ते मोजत नाही. मी ते मोजायला बसले नव्हते. पण तो मनातल्या मनात मोजतोय, हे मला त्याच्या प्रत्येक अर्ध्या वाक्यात ऐकू यायचं.

आणि मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज फाटलेला.

"मॅडम, आण्याच्या पठारावर आमची गाय अडलीय. मामाच्या गोठ्यात. वासराचे पाय दिसत्यात, पण पुढं सरकंना. मी बेल्ह्याच्या फाट्यावर हुभा हाय."

मी त्याला फाट्यावरून गाडीत घेतलं आणि आण्याच्या घाटाला लागले. परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती, वायपर रडत होते, आणि सीटवरचं प्लॅस्टिक त्याच्या प्रत्येक हालचालीला करकरत होतं. आधी काळजीत असलेला माणूस त्या आवाजानं आणखीच अवघडला. चढ सुरू झाला. पुढं उसाचा ट्रॅक्टर. मी बाहेर काढून पाय दाबला — पार तळाला नेला. गाडी गुरगुरली... आणि ट्रॅक्टरच्या बरोबरीनं, त्याच्याच चालीनं चढू लागली. समोरून जीप आली. मी मुकाट पुन्हा ट्रॅक्टरच्या मागं.

"मॅन्युअलवर टाका," ऋषी म्हणाला.

टाकलं. तीच गत.

"एसी बंद करा."

"बंदच आहे!"

"मंग... पाय जरा जोरात..."

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "अजून एकदा माझ्या पायाचं नाव काढलंत, तर चालत जाल."

मी दार उघडलं, भुरभुर पावसात रस्त्यावर गुडघे टेकले आणि डोकं पेडलपाशी घातलं. अडलेल्या गाईला जे करतात तेच करायचं ठरवलं — वरून अंदाज पुरे, हात आत घालून बघायचं. ॲक्सिलरेटर हातानं दाबला. तो अर्ध्यापेक्षा जरा पुढं गेला आणि मॅटवर टेकला. मॅट दाबून पाहिलं. मऊ लागलं. फार मऊ. मॅट उचललं...

खाली गोणपाटाची घडी होती. चारपदरी. कडेनं लाल दोऱ्यानं टाके घातलेले, पायाखालच्या जागेला बेतून कापलेली. आईचा टाका मी हजार टाक्यांत ओळखीन. माझ्या गमबुटांच्या शेणानं नव्या गाडीची खालची सतरंजी खराब होऊ नये म्हणून माझ्या माउलीनं मॅटखाली गोणपाट शिवून घातलं होतं, आणि मला दिसलं तर मी काढून टाकीन म्हणून सांगितलं नव्हतं. इतके दिवस माझा पाय तळाला पोचतच नव्हता. पोचत होता तो आईच्या मायेला.

मी ते गोणपाट ओढून काढलं आणि ऋषीच्या मांडीवर टाकलं. "हा घ्या माझा नवीन पाय."

त्यानं घडी उलटसुलट करून पाहिली. मग हसायला लागला, आणि इतका हसला की काचेवर वाफ धरली. मी पाय दाबला. गाडीनं किंचित दम घेतला, तेवढा तिचा स्वभावच, आणि मग अशी उसळली की पुढं गेलेला ट्रॅक्टर बघता बघता आरशात ठिपक्याएवढा झाला.

गाय वेळेवर सुटली. पांढऱ्या कपाळाची कालवड झाली. हात धुताना ऋषी माझ्या हातावर तांब्यानं कोमट पाणी घालत होता. पाणी संपलं तरी तांब्या तिरपाच होता.

"तेजस्विनी..." पहिल्यांदा नाव घेतलं त्यानं. "एक सांगायचं व्हतं."

"सांगा."

"आण्णा येत्या बाजारी राजुरीच्या पावण्यांना शब्द देणार हायेत. त्यांच्या पोरीसाठी. माझ्या... माझ्या लग्नाचा."

पठारावरचा वारा एकदम थंड लागला. मी ओले हात ओढणीला पुसले.

"तुम्हाला ती पोरगी करायचीय?"

"न्हाई! मला... तुमाला म्हाईत हाय मला काय पायजे."

"माहीत असणं वेगळं. ऐकलेलं नाही मी अजून."

त्यानं गोठ्याकडं, डोंगराकडं, कालवडीकडं पाहिलं. मी सोडून सगळीकडं. "आण्णांना एकदम सांगितलं तर फुटतील. हळूहळू सांगतो. तवर आपण... जुन्नरला भेटू. तिथल्या बाजारपेठेत आपल्याला कोण वळखतंय? बेल्ह्यात नको. समदं निवांत झालं की मग..."

गाडीतून मी गोणपाटाची घडी आणली आणि त्याच्या हातात ठेवली.

"हे बघा, राव. कुणीतरी मायेनं, काळजीनं, काहीतरी वाईट होऊ नये म्हणून खाली दडवून ठेवलं होतं. आणि मी रोज वरून पाय आपटत होते, लोक म्हणत होते हिलाच जमत नाही. मी अजून एक गोणपाट खपवून घेणार नाही. जुन्नरच्या गल्लीत चोरून चहा प्यायला मी काही चूक केलेली नाही. यायचं तर बेल्ह्यात या. भर बाजारात. नाहीतर राजुरीला जा — सुखानं जा, मी शिव्या देणार नाही."

"आन् आण्णा?"

"माझ्याही घरी बाबा आहेत. त्यांनाही फुटता येतं."

परतताना तो गोणपाट मांडीवर घेऊन बसला होता. उतरताना सोबत घेऊन गेला. मी मागितलं नाही.

बाजाराच्या दिवशी मी नेहमीच्या जागी टेबल लावलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी एका म्हशीला दुसऱ्या म्हशीचं इंजेक्शन देणार होते, तिच्या मालकिणीनं, सरूबाईनं, ओरडून थांबवलं. समोर लिंबाखाली बाजेवर हौशीराम आण्णा बसले होते, आणि शेजारी कडक टोप्यांचे दोन पाहुणे. राजुरीचे. चहाचे कप रिकामे होत आले होते. शब्द म्हणजे रिकाम्या कपानंतरचीच गोष्ट असते.

ऋषी गर्दीतून आला. खांद्यावर पांढराशुभ्र रुमाल. आण्णांकडं गेला नाही. सरळ माझ्या टेबलाशी आला.

"डॉक्टरीण बाई, एक व्यवहार करायचाय."

"कशाचा?"

"हात द्या."

मी हात पुढं केला. त्यानं धरला आणि झटकन वर रुमाल टाकला. आजूबाजूचे व्यापारी माना वळवून बघू लागले — बाईचा हात रुमालाखाली, हे बेल्ह्यानं कधी पाहिलं नव्हतं. खाली त्यानं आधी माझं एकेक बोट चाचपलं. मग त्यानं माझा आख्खा पंजा दाबला. घट्ट.

सौदा पक्का.

माझ्या छातीत काहीतरी उसळलं... आणि त्याच क्षणी राग आला. पुन्हा झाकलेलंच! एवढा चालून आला, आणि शेवटी वर फडकं टाकलंच.

मी दुसऱ्या हातानं रुमाल धरला आणि ओढून काढला.

रुमाल धुळीत पडला. भर बाजारात, उन्हात, माझा हात त्याच्या हातात. लिंबाखालचे कप हवेत थांबले.

ऋषीचा हात सैल पडला. पार सुटला नाही, पण सैल पडला. माझ्या बाजूनं पाय दाबून झाला होता. आता उचलायचं की नाही, ते त्याचं त्याला ठरवायचं होतं. तो एवढासा वेळ... गाडीनं आळेफाट्याच्या चौकात घेतला होता, तेवढाच.

मग त्याची बोटं पुन्हा आवळली. हाडं दुखतील इतकी.

"आण्णा!" तो ओरडला, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. "पावण्यांना शब्द देऊ नगा. माझा देऊन झालाय. अवसरीच्या तेजस्विनी डॉक्टरला."

कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणीतरी "अवसरीची? कुणाच्यातली?" असं कुजबुजलं. मी त्या दिशेला वळले आणि तितक्याच मोठ्यानं म्हटलं, "जयवंत ड्रायव्हरची. बौद्धवाड्यातली. अजून काय विचारायचंय का?"

कुजबुजणारा एका म्हशीच्या आड झाला.

हौशीराम आण्णा बाजेवरून उठले. हळूहळू चालत आले. वाकले, धुळीतला रुमाल उचलला, दोनदा झटकला. आमच्या हातांकडं बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडं. आयुष्यभर माणसांचे तळहात वाचलेला माणूस. माझ्या चेहऱ्यावर घाम शोधत होता. सापडला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "सौदा झाकून करत्यात. का, म्हाईत हाय? झाकलेला मोडता येतो. उघड्यावर केलेला मोडता येत न्हाई."

"म्हणूनच उघड्यावर केला, आण्णा."

ते हो म्हणाले नाहीत. रुमालाची नीट घडी घातली, आपल्याच खांद्यावर टाकली आणि पाहुण्यांकडं वळून, रिकाम्या कपांवरून हात फिरवत म्हणाले, "चहा संपला, पावणं. द्यायला शब्द न्हाई ऱ्हायला."

ऋषीनं अजून हात सोडला नव्हता. "आता?" त्यानं हळूच विचारलं.

"आता अवसरी. बाबांना सांगायचंय. वाटेत मॅट बघून घ्या, ऋषीभाऊ... आईचा काही भरवसा नाही."

"ते भाऊ!" तो कळवळला.

"काढलं," मी म्हटलं, आणि गाडीत बसायच्या आधी त्याच्या सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडून काढलं.