गुणवहीवरचा काळा अंगठा

माझी गुणवही तिसऱ्या मजल्यावरून पडली तेव्हा सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तोंडी परीक्षा नऊला.

परीक्षेच्या दिवशी खिडकी उघडायची, शिक्षक जिच्यात गुण लिहितात ती गुणवही पानं पसरून बाहेर धरायची आणि तीनदा ओरडायचं, "नशिबा, ये!" नरीन शहरातल्या आमच्या वसतिगृहातली प्रत्येक मुलगी हे करते आणि विचारलं तर एकही कबूल करत नाही. बाहेर उणे बावीस होतं. दुसऱ्या हाकेलाच माझी बोटं बधिर झाली.

"गेली," मी म्हणाले.

"नशीब आलं का?" माझ्या खोलीत राहणाऱ्या चोल्पोनने पांघरुणातूनच विचारलं.

खाली कोळशाचा ट्रक उभा होता. ढिगाऱ्यावर फावडं घेतलेला एक तरुण. त्याने वर पाहिलं.

"मला बोलावलंत?"

"तुम्हाला नाही! नशिबाला!"

"ते पुढच्या ट्रकने येतंय. तोवर मी चालेन का?"

मी सपाता घालूनच जिने उतरले. तो ट्रकशेजारी उभा राहून आरामात माझी गुणवही वाचत होता.

"पेरिझात. पाचपैकी पाच, पाच, चार... भूगर्भशास्त्रात तीन? दगडांशी भांडण झालं होतं का?"

"वाचू नका! परीक्षा संपेपर्यंत दुसऱ्या कुणी गुणवही बघायची नसते."

"बघितली तर?"

"नापास!"

"मग खाली कशाला टाकलीत?" त्याने वही मिटली आणि अदबीने दोन्ही हातांनी पुढे केली. "मी एर्निस."

मी पान उघडलं. जलशास्त्राच्या रिकाम्या ओळीवर त्याचा अंगठा उमटला होता. काळाभोर, रेघेरेघेसकट.

माझा चेहरा पाहून त्याचं हसू थांबलं. "काय झालं?"

"डागाळलेलं पान चालत नाही. नवी वही मिळायला तीन दिवस. म्हणजे फेरपरीक्षा, ती फेब्रुवारीत. उन्हाळ्यात हिमनदीवरच्या संशोधनतळावर चौघं जाणार आहेत... त्यांची यादी आज बाराला बंद होते. फेरपरीक्षावाल्यांना घेत नाहीत. दोन वर्षं वाट बघितलीय मी."

मी बाहीने डाग पुसायला गेले.

त्याने थट्टा केली नाही. कोटाच्या आतून फडक्यात गुंडाळलेला अर्धा नान काढला. "आतला मऊ भाग घ्या, चांगला मळा आणि डागावर नुसता दाबा. घासू नका. मी कोळशाने चित्रं काढतो, रेघ चुकली की असंच पुसतो."

"नानने पुसायचं? आजी माझे हात तोडेल."

"तुकडा जमिनीवर पडू द्यायचा नाही. उरलेला चिमण्यांना घालू. आजीला मी समजावीन."

"तुम्ही कशाला भेटाल माझ्या आजीला?"

"अं... खरंय," तो म्हणाला. "अजून तरी कशाला?"

मी दाबत होते, तो कागदाला न शिवता बोटाने दाखवत होता – इथे... आता इथे. आमच्या श्वासांची वाफ पानावर एक होत होती. त्याच्या पापण्यांवर दव गोठलं होतं आणि त्यावर कोळशाची पूड बसली होती. हे मी कशाला बघत होते, ठाऊक नाही. डाग फिकट झाला, पण गेला नाही. आठ वाजून दहा मिनिटं.

"तुम्हाला घाई नाही?" मी विचारलं.

"आहे ना. ट्रक रिकामा करायचाय, तोंड धुवायचंय, नऊला जलशास्त्राच्या परीक्षेला बसायचंय, उद्या आणखी एक आहे. मी बाहेरून शिकतो. खाणीवरून वर्षात दोनदा येतो, कोळशाबरोबर."

"कासिमअली अगायांकडे? म्हणजे आमच्याच सरांकडे, खोली दोनशे चार?"

"तीच. माझ्यासाठी दार धरून ठेवा."

"धरता येत नाही. प्रश्नाची पहिली चिठ्ठी उचलली की दार बंद."

"मग पहिलीने जरा हळू उचलावी," म्हणत तो ट्रकवर चढला.

यादीत पहिलं नाव माझंच निघालं.

आठ अठ्ठावन्न. टेबलावर तीस चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. हात लागेल ती आपली, बदलून मिळत नाही. एर्निसचा पत्ता नव्हता.

"ये, उचल," कासिमअली अगाय म्हणाले.

"अगाय, डाव्या हाताने उचलू की उजव्या?"

"नियमात हाताचा उल्लेख नाही."

माझा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत गेला आणि परत आला.

"चिठ्ठी उचलायचीय मुली, नवरा निवडायचा नाही!"

वर्ग हसला. "नवरा असता तर इतका वेळ लावला नसता, अगाय," मी म्हणाले.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "नऊ. दहापर्यंत मोजतो. तोवर उचलली नाहीस तर नाव यादीच्या तळाला. मग बस दुपारपर्यंत. एक... दोन..."

दुपार म्हणजे हिमनदी गेली. उचल, पेरिझात! पाच... सहा... सातला जिन्यावर पावलं वाजली. अगायांनी 'नऊ' म्हणताच दार उघडलं. एर्निस आत आला – धापा टाकत, चेहरा घासून लाल, उजव्या कानामागे कोळसा तसाच.

मी चिठ्ठी उचलली. चौदावी. नदीतल्या गाळाचं मोजमाप; मला जेमतेम अर्धं येत होतं. ते सांगितलं, उरलेलं अंदाजाने रचलं.

अगायांनी माझी वही उघडली आणि चष्मा काढला. "हे काय?"

मी बोटाने डाग झाकायला गेले.

"तो माझा अंगठा आहे, अगाय," मागच्या बाकावरून आवाज आला.

"परीक्षेत बोलायची परवानगी नाही."

"म्हणून एकदाच बोलतो. वही माझ्या ट्रकमध्ये पडली. तिची चूक नाही."

"वही ट्रकमध्ये कशी पडते?"

सगळा वर्ग छताकडे बघू लागला. अगायही विद्यार्थी असताना त्याच वसतिगृहात राहिले होते.

"कितव्या हाकेला?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुसऱ्या."

"तिसरी राहिली. म्हणून चार." राखाडी डागावरच त्यांनी ठसठशीत आकडा लिहिला. "गुणांवर डाग नसावा, असा नियम आहे. डागावर गुण नसावेत, असं कुठे लिहिलेलं नाही. जा."

रांगेत थांबून अकरा वीसला मी हिमनदीच्या यादीवर सही केली. चौथी, शेवटची जागा. अकरा चाळीसला एर्निस परीक्षेच्या खोलीतून बाहेर आला आणि त्याने स्वतःची गुणवही माझ्यापुढे धरली.

"बघ."

"उद्या तुझी आणखी एक परीक्षा आहे ना? मग दाखवतोस कशाला?" 'तुम्ही' कुठे गळालं, दोघांनाही कळलं नाही.

"तुझी मी बघितली, तू पास झालीस. आणि... नापास झालो तरी तूच बघावीस असं वाटतं."

मी त्याच्या कानामागे अंगठा फिरवला. काळा झाला. तो त्याच्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर टेकवला. त्या पानाबद्दल नियमात काहीच नाही.

"आता पुसायला नान कुठून आणू?" त्याने विचारलं. त्याचा कान आता घासल्याशिवायच लाल झाला होता.

"पुसायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला मी खिडकी उघडली. हातात वही नव्हती. राहिलेली तिसरी हाक मारली – या वेळी नशिबाला नाही, त्याच्या नावाने.

तो खाली उभाच होता. कानामागेही स्वच्छ धुऊन आला होता.