हरणीच्या जावा

"माझ्या बायकोला माझी वहिनी विष घालतेय."

मानसिंगराव खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलून मोकळे झाले. "भाऊसाहेब, माझे थोरले बंधू, म्हणालेत, बाहेरच्या माणसानं तसं सांगितलं तर उद्याच तिला माहेरी धाडतो. कायमची."

सत्त्याण्णव सालचा मे तापला होता. वामनरावांनी वही उघडली. प्रश्न मात्र विचारला त्यांच्या धाकट्या बहिणीनं, वत्सलानं. नेहमीसारखाच. बी.ए. झाले वामनराव, मॅट्रिक होऊन लॅबमध्ये काचपट्ट्या धुतल्या हिनं, आणि बडोद्यात थेट पाणीगेटपासून लोक विचारत येतात ते हिला! हा काटा त्यांच्या घशात कायमचा होता.

"काय होतंय बायकोला?"

"सांधे सुजतात, केस गळतात, तोंड येतं, गालांवर लाल चट्टे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ल्यूपस म्हणून सांगितलं. गोळ्यांनी दिवाळीपर्यंत ठणठणीत झाली. आता महिन्याभरात पुन्हा तेच! आणि गोळ्या तर मी स्वतः देतो."

"मग विष कशातून?"

"आमटीतून. आम्ही पुरुष जेवून उठलो की बायका बसतात. वाढते वहिनी. कोण बघतंय तिथं? राजेश्वरीला बँकेत अहमदाबादची बढती मिळालीय. वहिनी जळते."

शहराच्या टोकाला हरणी भागात त्यांची बंगली होती. तिथं थोरले भाऊसाहेब, भास्करराव, आधी भेटले. "आमचे पणजे सरकारी पागेत होते. या घरात असलं कधी घडलं नाही," एवढंच मिशीतून बोलून त्यांनी स्वयंपाकघराची वाट दाखवली.

विजयमाला वहिनी कणीक मळत होती. वत्सलानं सरळच विचारलं, "जळता तुम्ही जावेवर?"

"जळते तर! ती स्कूटरवरून बँकेत, मी परातीपुढं. पण जळणारी प्रत्येक बाई विष घालायला लागली, तर बडोद्यात माणूस उरेल का, वत्सलाबेन?"

"जेवता कशा?"

"एका ताटात. सासूबाईंची रीत. जावा-जावांचं कितीही भांडण होवो, ताट एकच. तीही माझ्यासारखीच हट्टी, आम्ही मोडली नाही."

वामनरावांनी वहीत लिहिलं : 'मत्सर कबूल.' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

राजेश्वरी पलंगावर होती. दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा लाल, जणू फुलपाखरू पंख पसरून बसलंय. भिंतीवर दिवाळीतला फोटो होता. त्यात तोंड पौर्णिमेच्या चंद्राएवढं. आता गालफडं बसली होती.

"गच्चीवर पापड घालायला गेले की चट्टे भडकतात," ती म्हणाली.

"गोळ्या चुकतात?"

"एकही नाही. हे पाकिटातून काढून वाटीत आणून देतात. आधी इतक्या कडू लागायच्या की वरून चहा लागायचा. आता सवय झाली, चवच कळत नाही."

हे काही वामनरावांनी लिहिलं नाही.

तासाभरात वत्सलानं सगळ्यांना राजेश्वरीच्या खोलीत बसवलं. तिच्या हातात राजेश्वरीच्या गोळ्यांची वाटी होती.

"वामनदादा, चाख."

"मी?"

"बी.ए. आहेस ना? सांग चव."

वामनरावांनी जीभ लावली. "खडूसारखी. जरा गोडसर."

"आता ही. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणलीय, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची."

वामनरावांचं तोंड वाकडं झालं. "अरे बाप रे! कडूजहर!"

"या घरात विष नाहीच," वत्सला म्हणाली. "एका ताटात जेवणाऱ्या दोघींपैकी एकीलाच कसं चढेल? मानसिंगराव, ही रीत तुम्हाला ठाऊकच नव्हती. पंधरा वर्षांत बायका जेवताना तुम्ही एकदा डोकावलात का? नाही! म्हणून आमटीवर आळ घेतलात."

मानसिंगराव दाराकडे सरकले, पण वत्सला थांबली नाही.

"ल्यूपस कुणी घालत नाही. शरीराची राखण करणारे शिपाई घरच्यांनाच शत्रू समजतात. सांधे, कातडी, मूत्रपिंड, जे सापडेल त्यावर तुटून पडतात. का, ते डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही. काही रक्तातूनच येतं, उन्हानं भडकतं, बायकांनाच जास्त धरतं. जावेच्या नजरेनं होत नाही. गोळ्या त्या शिपायांना आवरतात, आणि त्यांनीच चेहरा गोल होतो. एकही गोळी न चुकता महिन्यात गाल बसले, कडूपणा गेला, आजार उलटला. म्हणजे गोळी बदलली. वाटी कुणाच्या हातची?"

"मला मारायचं नव्हतं तिला!" मानसिंगराव ओरडले. "नुसती घरी बसली असती! सावली गावात माझ्या कारखान्यावर पोरंसोरं विचारतात, केम साहेब, मॅडमच्या बँकेत तुमच्यासाठी शिपायाची जागा आहे का?"

"एकदम औषध तोडलं की माणूस दगावतं. तिचे पाय बघा, सुजलेत. आजच दवाखाना."

वामनरावांना संताप यायला हवा होता. आली ती लाज. हा माणूस त्यांना फार ओळखीचा वाटला.

भास्कररावांना भावाकडे बघवेना. विजयमालानं पिठाचे हात पदराला पुसले, राजेश्वरीला काखेत धरून उठवलं आणि रिक्षापर्यंत नेलं.

मानसिंगराव चपला घालून मागून धावले. "मी पण येतो."

राजेश्वरी रिक्षात टेकली. पंधरा वर्षांत 'अहो'वाचून तिच्या तोंडून नवऱ्यासाठी शब्द निघाला नव्हता.

"तू नको येऊस, मानसिंग," ती म्हणाली. "वहिनी, बसा."