सगळ्यांना समजलं

आकलनपट्टे धुवायचं काम प्रशिक्षणार्थींकडे असे. शेवटचा तास संपला की मिरजेतल्या त्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत तस्नीम मुलाणी नळाशी उभी राहायची आणि सातवीच्या पोरांच्या डोक्यांवरून उतरवलेले पट्टे एकेक करून घासायची. पट्ट्याच्या आतल्या स्पंजात खोबरेल तेल, घाम आणि जंतुनाशक यांचा मिळून एक आंबूस वास मुरलेला असे. तो साबणाने जात नसे. पहिल्या आठवड्यात तिला त्या वासाची शिसारी आली. वर्ष सरता सरता पट्ट्याचीच आली.

पट्ट्याचं काम ऐकायला सुंदर होतं. मुलाच्या कपाळावरून मेंदूतले विद्युतस्पंद टिपायचे आणि शिकवलेलं समजतंय की नाही ते वर्गाच्या मागच्या भिंतीवरच्या फलकावर रंगात दाखवायचं. हिरवा म्हणजे समजलं, लाल म्हणजे गोंधळ, आणि तासाच्या शेवटी शंभरपैकी गुण. शिकवणाऱ्याच्या कानात एक कर्णिका बसवलेली असे. फलक लाल होऊ लागला की तिच्यातून मधाळ आवाज यायचा: "आकलन घसरत आहे. कृपया सोपे करा." फलकावरच्या गुणांवरच अध्यापनाचा परवाना मिळू लागला, तेव्हापासून राज्यातले शिक्षक मुलांच्या तोंडाकडे बघायचे सोडून भिंतीकडे बघत शिकवू लागले. भिंतीशी बोलणाऱ्या माणसाला एरवी लोक वेडा म्हणतात. इथे त्याला आदर्श शिक्षक म्हणत.

तस्नीमने पहिल्या परवाना-पाठासाठी विषय निवडला तो असा: ऋण संख्येला ऋण संख्येने गुणलं की उत्तर धन का येतं? नियम सगळ्या वर्गाला पाठ होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तस्नीमला शिक्षिका व्हायचं होतं ते या 'का'साठीच. तिने फळ्यावर एकाखाली एक ओळी लिहिल्या. तीन गुणिले उणे दोन, उत्तर उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एक गुणिले उणे दोन, उणे दोन. शून्य गुणिले उणे दोन, शून्य.

"आता पुढची ओळ, उणे एक गुणिले उणे दोन. नियम आठवायचा नाही हं. उत्तरं कशी चाललीत ते बघा आणि सांगा."

कुणी डोकं खाजवलं, कुणी पेन चावलं. मागच्या बाकावर दोघांची जुंपली. फलक तांबडा होत गेला. "कृपया सोपे करा," कर्णिका म्हणाली. तस्नीमने तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या बाकावर कस्तुरी नावाची मुलगी फळ्याकडे टक लावून पुटपुटत होती. ती एकदम चिडून उभी राहिली.

"बाई, दर वेळी दोननं वाढतंय की! मग शून्यापाशी येऊन कसं थांबंल? पुढं दोनच येणार. यायलाच पायजे!"

तस्नीमच्या अंगावर काटा आला. असा क्षण शिक्षकाला वर्षातून एखादा मिळतो. मागे फलक लालभडक झाला होता.

संस्थेचे संचालक डॉ. पद्माकर उपळेकर काचेमागच्या निरीक्षण कक्षातून बाहेर आले. "एकतीस गुण, मुलाणी. अहो, पोरं भांडत होती तुमच्या वर्गात!"

"सर, त्यांना समजत होतं. ती कस्तुरी..."

"मग फलक काय खोटं बोलतो?" उपळेकरांनी हात झटकला. "हे बघा, आता एकच संधी. दोनदा नापास झालं की परवाना कायमचा गेला. तुमची कळकळ घेऊन काय चाटायचीय?"

पट्टे गोळा करताना कस्तुरी तिच्याजवळ रेंगाळली. "बाई, तुम्ही आदल्या दिवशी आमच्याकडनं पाठ करून का घेतला नाही? सगळे घेतात."

"काय घेतात?"

"आख्खा तास. कुणाला काय विचारणार, उत्तर काय द्यायचं, समदं. आणि येत असंल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसंल त्यानं डावा. म्हणजे समदे हात वर दिसतात, आणि विचारायचं फक्त उजव्याला. पाव्हण्यांना बरं वाटतं."

ही युक्ती तस्नीमला नवी नव्हती. तपासणीला साहेब यायचे तेव्हा तिच्याही शाळेत हेच चालायचं. तिच्या आईच्या शाळेतही चालायचं. पाहुण्यापुढे घरातली फाटकी चादर झाकावी तसं सगळे करत आले होते, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

"पाठ केलेलं असलं की पट्टा घालून कसं वाटतं गं?"

"कायच नाही. नुसतं बसायचं. आज डोकं तापलं."

"आणि कळलं का काही?"

"आजच कळलं की," कस्तुरी म्हणाली.

तस्नीम तडक निरंजन शेटेकडे गेली. पट्ट्यामागची गणितं रचणारा अभियंता तो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तो सुटे पट्टे मांडून बसला होता.

"शेटे सर, तुमचा पट्टा नेमकं काय मोजतो?"

"धडपड," तो उत्साहाने म्हणाला. "नवी गोष्ट समोर आली की मेंदू धडपडतो, स्पंद विस्कटतात. समजलं की ते निवतात. ते निवणं आम्ही मोजतो."

"आणि आधीच ठाऊक असलेलं ऐकताना?"

"तेव्हा मुळात विस्कटतच नाहीत. पण तो फरक यंत्राला कळतो. समजलेल्या मुलांचे नमुने आम्ही त्याच्यापुढे ठेवले. समज कशी दिसते, ते त्यावरून त्यानं स्वतःच ओळखलं."

"कुठले नमुने?"

"इथलेच. आपल्या सराव शाळेतले आदर्श पाठ. प्रत्येक मुलाचा हात वर, प्रत्येक उत्तर बरोबर! इतके शुद्ध नमुने दुसरीकडे कुठे मिळाले असते?"

तस्नीमला हसू आलं. तिने त्याला आदल्या दिवशीच्या तालमीचं सांगितलं, डाव्या-उजव्या हातांचं सांगितलं. शेटेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"पण हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही पाहुणे होता ना," तस्नीम म्हणाली.

म्हणजे यंत्राची काही चूक नव्हती. त्याने दाखवलेलं इमानेइतबारे शिकून घेतलं होतं: ओळखीचं ऐकत स्वस्थ बसलेलं मूल म्हणजे समजलेलं मूल. पुढचं सगळं ओघाने आलं. नवं शिकवणाऱ्याचा वर्ग लाल, म्हणून तो नापास. शिळं वाढणाऱ्याचा वर्ग हिरवा, म्हणून त्याला परवाना. ज्या धड्यांना फलक लाल होई ते अवघड ठरवून अभ्यासक्रमातून वगळले जात. अपूर्णांकांचा भागाकार गेला, ग्रहणं गेली. सहावीच्या पोरांना चौथीचं शिकवून गावोगाव 'हिरवी शाळा' अशा कमानी उभ्या राहिल्या. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. वर त्या कुत्र्याचा सत्कार होत होता.

"तुम्ही वर सांगा, सर. तुमचं ऐकतील."

शेटे पट्ट्याची तार बोटाला गुंडाळू लागला. "सांगायला हवं खरं. पण आत्ता राज्यभर वाटप चालू आहे. जरा वातावरण बघून..." त्याने नजर चुकवली. बुद्धी असलेल्या माणसाचा भित्रेपणा पाहताना जी किळस येते, ती दुसऱ्या कशाची येत नाही. तस्नीम निघून आली.

दुसरा परवाना-पाठ अभिरूप पद्धतीचा होता. त्यात मुलं नसतात. परीक्षक समितीच विद्यार्थी होऊन बाकांवर बसते आणि पट्टे बांधते. विषय उमेदवाराने निवडायचा. मैत्रिणी म्हणाल्या, "तस्नीम, नियम घोकून घे आणि मोकळी हो. परवाना हातात आला की काय शिकवायचं ते शिकव." सल्ला व्यवहाराचा होता. तिने मात्र विषय कळवला: आकलनपट्टा काय मोजतो.

सातवीच्या बाकांत समितीचे पाच जण कसेबसे मावले. उपळेकरांच्या टकलावरून पट्टा सारखा घसरत होता. तस्नीमने जीव ओतून शिकवलं. तालीम केलेला वर्ग, त्याचे नमुने, त्यावरून यंत्राने काढलेला अर्थ, सगळं पायरीपायरीने, एखाद्या लहान मुलालाही कळावं असं मांडलं. फलक लाल झाला. नंतर आणखी लाल झाला.

"आकलन घसरत आहे," कर्णिका म्हणाली.

"बाई, जरा सोपं करा," एक सदस्य म्हणाले.

"मला तर कसलाच अर्थ लागत नाहीये," दुसऱ्यांनी मान हलवली.

ते सोंग करत नव्हते. गोष्ट त्यांना नवी होती, म्हणून मेंदू धडपडत होते, आणि क्षणभर तस्नीमला आनंदच झाला. हीच तर शिकण्याची सुरुवात! पण कस्तुरी डोकं तापलं तरी फळ्याकडे बघत राहिली होती. हे मात्र मान वळवून मागच्या फलकाकडे बघत होते. आपल्याला समजत नाही असं भिंतीवर दिसतंय म्हटल्यावर समजून घ्यायचं त्यांनी सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं, आणि घड्याने वर तक्रार करावी की पाणीच वाईट आहे!

उपळेकरांनी घड्याळ पाहिलं. "आटपा, मुलाणी. फलक बघताय ना?"

तस्नीमच्या तोंडाला कडू चव आली. जन्मात करणार नाही असं तिने ठरवलेलं तेच तिने केलं. छडी उचलून टेबलावर वाजवली आणि म्हणाली, "माझ्यामागून म्हणा. पट्टा ओळखीला समज म्हणतो."

समितीने सुटकेचा नि:श्वास टाकला. "पट्टा ओळखीला समज म्हणतो!" पाच पोक्त माणसं एका सुरात ओरडली.

"नवं शिकताना पट्टा लाल होतो."

"नवं शिकताना पट्टा लाल होतो!"

तिने पुन्हा म्हणून घेतलं, आणि पुन्हा. मग विचारलं, "पट्टा कशाला समज म्हणतो?" पाचही उजवे हात वर गेले. भिंतीवर हिरवा रंग शेवाळासारखा पसरत गेला आणि त्यावर आकडा आला: अठ्ठ्याण्णव.

"वा!" उपळेकरांनी बाकावर थाप मारली. "काय सुटसुटीत मांडलंत! आणि तसं पाहिलं तर हे आम्हाला आधीपासून माहीतच होतं."

"मग सर, पट्टे बंद करायचे ना?"

"बंद?" त्यांना प्रश्नच कळला नाही. फलकाची एक कड लगेच लालसर झाली. ते चटकन फलकावरून नजर काढून म्हणाले, "बंद कशाला? अठ्ठ्याण्णव आलेत अहो! सगळ्यांना समजलंय. या पाठाची चित्रफीत आदर्श म्हणून राज्यभर पाठवू. आणि तुमचा परवाना आजच."

परवाना त्यांच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. तो मिळवण्यासाठी केलेल्या पोपटपंचीची तिला लाज वाटत होती आणि समोरच्या हसऱ्या चेहऱ्यांचा वीट आला होता. पण परवाना फेकला असता तर उद्या एखाद्या कस्तुरीपुढे फळ्याशी उभं कोण राहणार होतं? निदान माझ्या वर्गात तरी पट्टे उतरवीन, असं मनाशी म्हणत तिने तो घेतला.

पावसाळ्यानंतर जतकडच्या एका शाळेत ती रुजू झाली. सातवीच्या वर्गात पाय टाकताच तोच आंबूस वास आला. पोरं पट्टे बांधून ओळीत बसली होती. तस्नीमने फळा पुसला, कर्णिका काढून टेबलावर ठेवली आणि वर्गाकडे वळली.

"आज गणिताआधी एक गोष्ट सांगते. हा तुमच्या कपाळावरचा पट्टा आहे ना..."

"सांगू, बाई? सांगू?" भराभर हात वर गेले. सगळे उजवे. ती काही म्हणायच्या आत आख्खा वर्ग उभा राहिला आणि हातवारे करत एका चालीत म्हणू लागला:

"पट्टा ओळखीला समज म्हणतो! नवं शिकताना पट्टा लाल होतो!"

मागची भिंत हिरवीगार झाली होती. तस्नीमला भडभडून आलं. तिचेच शब्द, तिच्याच आवाजातल्या चढउतारांसकट, त्या पोरांच्या तोंडून येत होते, आणि त्यांत काही म्हणता काही उरलेलं नव्हतं.

"कुणी शिकवलं हे?"

"आधीच्या सरांनी, बाई. आदर्श पाठ आहे. आमचा शंभर टक्के झालाय."

"छान," ती आवाज सावरत म्हणाली. "म्हणजे पट्टा काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तर मग काढा बघू तो."

कुणी हललं नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुणी कपाळाला हात लावून खाली घेतला. पहिल्या बाकावरचा मुलगा घुटमळत उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "ते पाठात नव्हतं."

भिंतीवरचा हिरवा रंग कडेने लाल होऊ लागला होता. तस्नीमने काहीच सोपं केलं नाही. ती वर्गासमोर वाट बघत उभी राहिली.