रिकाम्या डब्याची हाक

"काठी घे, काठी!" आत्या गाल दाबून कशीबशी ओरडली, पण चिमटीच्या हाताला लागलं ते बादलीचं झाकण. तिने तेच तांबड्या कुत्र्याच्या टाळक्यात हाणलं. त्याने तोंडातली कोंबडी सोडली नाही. मान झटकली, काहीतरी कट्‌कन मोडलं आणि कोंबडीची फडफड थांबली. तिकडे काळ्या कुत्र्याशी कोंबडा एकटाच झुंजत होता. त्याने नखांनी काळ्याचं नाक फाडलं. काळ्याने त्याचा गळाच फोडला. मग दोघं आले तसे पसार झाले. अंगणात रक्त, पिसं आणि आत्याने नुकतेच टाकलेले दाणे एकात एक कालवले गेले होते.

या सुट्टीतला हा तिसरा हल्ला. आत्याकडे राहायला आलेली भावंडंही तीनच: चिमटी, तिचा धाकटा भाऊ भोपळा आणि चष्मिस चुलतभाऊ प्रोफेसर.

कुत्री शेजारच्या वेल्डरची. आत्या तरातरा त्याच्याकडे गेली.

"माझी कुत्री?" वेल्डरने तोंडावरचा मुखवटा जेमतेम वर केला. "ती दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात, ताई."

"डोळ्यांसमोर तर काळी काच असते," भोपळा पुटपुटला.

घरी परतल्यावर आत्या गाल धरून पायरीवर बसली. नुकतीच तिची दाढ काढली होती. "पुरे झालं," ती म्हणाली. "उद्या खाटकाला बोलावते. उरलेल्या सगळ्या देऊन टाकते."

"ठिपकीसुद्धा?" चिमटीने विचारलं. गेल्या सुट्टीत ठिपकी तिच्या ओंजळीत मावत होती.

आत्या उठून अंगणातली पिसं गोळा करू लागली.

संध्याकाळी तिघं मागच्या झाडावर चढून बसली. "तिन्ही वेळा कुत्री दाणे टाकतानाच आली," प्रोफेसर म्हणाला. "कुत्री दाणे खातात का?"

"भोपळा खातो कच्चे. कुत्र्यांचं माहीत नाही," चिमटी म्हणाली.

तेवढ्यात खाली पलीकडच्या अंगणात वेल्डरने रंगाचा रिकामा डबा उचलला आणि त्यावर पाना आपटला. ठण ठण ठण! सावलीत पेंगणारी कुत्री बाण सुटावा तशी धावली आणि त्याच्यापुढे जीभ काढून बसली. त्याने भाकरीचे तुकडे टाकले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्या कोंबड्यांना नेहमी तोंडाने हाक मारायची. दाढ काढल्यापासून तोंड उघडवेना, म्हणून ती तेलाच्या रिकाम्या डब्यावर आमटीचा डाव बडवत होती!

धापा टाकत तिघं घरात शिरली. आत्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्याच कोंबड्या मी मारल्या म्हणता? जा, हातपाय धुवा आधी."

सकाळी खाटीक टोपली घेऊन आला. कोंबड्या अंगणभर पांगलेल्या. "आत्या, डबा नको!" चिमटी घरातून धावत आली, तोवर डाव डब्यावर बसला होता.

कुत्री आली. वेल्डर पहाटेपासून कामात गढलेला, त्यामुळे ती उपाशीच होती. तांबड्याने एका दमात दोन कोंबड्या फाडल्या. काळ्याने ठिपकीचा पंख धरून तिला फरफटत नेलं. खाटकाने लाथ घातली, भोपळ्याने बादलीभर पाणी ओतलं, प्रोफेसरने चष्मा सांभाळत काठी चालवली. मार बसेल तसे काळ्याचे दात आणखीच रुतत होते. ठिपकीच्या पंखातून रक्त गळत होतं.

कितीही मारलं तरी काळ्या सोडणार नाही, चिमटीला कळून चुकलं. ती उलट दिशेने पळाली. वेल्डरचं मागचं फाटक नेहमीसारखं सताड उघडं होतं. आत ठिणग्या उडत होत्या. तिने पाना उचलला आणि रंगाच्या डब्यावर जीव खाऊन बडवला.

काळ्याने ठिपकीला टाकलं. दोन्ही कुत्री वेल्डरच्या अंगणात धावत आली आणि चिमटीपुढे शहाण्यासारखी बसली, भाकरीची वाट बघत. डबा तिने हातातून सोडला नाही.

"माझा डबा कोणी..." वेल्डरने मुखवटा वर केला आणि त्याची नजर कुत्र्यांवर गेली. तांबड्याच्या नाकावर पीस चिकटलं होतं. काळ्याचा जबडा लाल होता, आणि नाकावर कोंबड्याच्या नखांची कालची खूण होती.

"तुमच्या डोळ्यांसमोरच आहेत, काका," चिमटी म्हणाली.

वेल्डरने आधी कुत्र्यांना साखळी घातली, मग आत्यापुढे येऊन मान खाली घातली. दुपारपर्यंत त्याच्या फाटकाला आपोआप लागणारी कडी बसली आणि आत्याच्या अंगणात जाळीचं खुराडं उभं राहिलं. "कुत्री मी पाळली, पण ओळखली या पोरांनी," तो प्रोफेसरच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. खाटीक रिकामी टोपली घेऊन परतला.

आत्याने ठिपकीच्या पंखाला हळद लावली आणि चिमटीला जवळ घेतलं. "अक्कलदाढ माझी काढली आणि अक्कल तुम्हाला आली. काल ऐकायला हवं होतं मी तुमचं. दोन जीव वाचले असते."

संध्याकाळी तिने डबा माळ्यावर टाकला. गाल दाबून, दुखतंय तरी तोंड उघडलं आणि बोबड्या आवाजात कोंबड्यांना हाक मारली. कोंबड्या बिचकून कोपऱ्यात दाटल्या. बराच वेळ एकही हलली नाही. मग एक पंख लोंबवत, लंगडत ठिपकी पुढे आली.

झाडावरून भोपळा खाली ओरडला, "तिकडे कुत्र्यांनी कानसुद्धा हलवला नाही!"