नंबर अठराची क्राग

तिरिल त्या टेबलापाशी थांबली ती बंदुकीमुळेच. नळीवर कुणीतरी लोकरीची टोपी अडकवून ठेवली होती, आणि टोपीखाली, पोलादावर, दोनच आकडे दिसत होते. एक आणि आठ.

कोंग्सबर्गच्या क्रीडागृहात दर मार्चात जुन्या शस्त्रांचा बाजार भरतो. बाहेर वितळत्या बर्फाचा चिखल, आत कॉफीचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास. तिरिल सात वर्षं इथे येत होती. एरवी ती चांदीच्या चमच्यांवर आणि बक्षिसांच्या कपांवर नावं कोरायची. जुन्या क्राग रायफली हा तिचा छंद होता, आणि त्यातही अगदी सुरुवातीच्या. नंबर जितका लहान तितकी बंदूक जुनी, आणि तितका तिचा जीव वरखाली. तिच्याकडची सगळ्यात लहान चारशे बाराची होती. आणि इथे... अठरा?

"टोपी आवडली की बंदूक?" टेबलामागच्या तरुणाने विचारलं. त्याच्या एका हातात अर्धं वाफल होतं आणि दाढीत साखर.

"टोपी काढा आधी. अशा बंदुकीला खुंटी करतं का कुणी?"

"माफ करा. मी होड्या बांधतो, लार्विकला. होडीवर आम्ही सगळंच अडकवतो." त्याने टोपी काढली. "मी हालवार्ड. बंदूक माझ्या काकांची, ओड्वारकाकांची. गेल्या शरदात गेले ते. काकूने विकायला पाठवलंय. तीन वाजता ऑस्लोचे एक गृहस्थ येणार आहेत घ्यायला."

"हात लावू?"

"बंदुकीला?"

तिरिलचे कान तापले. तिने खिशातून भिंग काढलं आणि वाकली. तो समोरून वाकला. त्याच्या अंगाला ताज्या लाकडाचा वास येत होता... तिने मन आकड्यांवर आणलं.

आकडे खरे होते. ठसा जुना, खोल, कारखान्याचाच. पण एकच्या डावीकडे बोट फिरवलं तेव्हा तिला काहीतरी लागलं. पोलाद तिथे केसभर खोलगट होतं. नखाला कळेल इतकंच.

"काय झालं?" हालवार्डने विचारलं. "आत्तापर्यंत हसत होतात."

"मी हसत होते?"

"थोडंसं. डाव्या बाजूने."

तिरिल सरळ उभी राहिली. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये एका म्हाताऱ्या संग्राहकाला तिने चारचौघांत सांगितलं होतं की त्याचा नंबर बनावट आहे. तो आजतागायत तिच्याशी बोलत नव्हता. तिला पश्चात्ताप नव्हता. आकडा म्हणजे आकडा. पण आज जीभ जड झाली.

"इथे आणखी आकडे असावेत," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी कानशीने घासून काढलेत. सुट्या भागांवर शेवटचे दोनच आकडे असतात, म्हणून बाकी सगळं जुळतं. खात्री करायची तर लाकूड काढून नळीचं पोट बघावं लागेल. तिथे पूर्ण नंबर असतो. पण लाकूड सव्वाशे वर्षांचं आहे, मला तडा जाण्याची भीती वाटते."

हालवार्डचं वाफल तसंच राहिलं. "काका आयुष्यभर सांगायचे, माझी अठरा नंबरची. नेमबाजीच्या क्लबात, नाताळच्या जेवणावर, दवाखान्यात नर्सला सुद्धा. आणि तुम्ही म्हणता, ते फसवत होते?"

"मी असं म्हटलं नाही. न उघडताही विकता येईल. कुणी विचारणार नाही."

"तुम्ही विचारलंत ना." त्याने हात पुसले. "स्क्रूड्रायव्हर आहे?"

तिच्याकडे होता. त्याने स्क्रू सोडवले, कड्या सरकवल्या आणि लाकडावर नुसता तळवा ठेवून जरा वेळ थांबला, बिथरलेल्या घोड्याला धीर द्यावा तसा. मग अंगठ्याने इकडे दाबलं, तिकडे दाबलं... आणि नळी अलगद सुटली. तडा नाही, आवाज नाही. इतके मोठे हात इतके हलके असू शकतात, हे तिरिलला माहीत नव्हतं.

नळीच्या पोटावर नंबर होता. ५३१८.

"म्हणजे खोटीच," हालवार्ड म्हणाला.

पण तिरिल लाकडाच्या खाचेत बघत होती. आत पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं. तिने ते उजेडाकडे धरलं.

"काकांचं अक्षर," तो म्हणाला, आणि अडखळत वाचू लागला. "मे एकाहत्तर. खरा नंबर ५३१८. आस्लाउगला कळू द्यायचं नाही."

"आस्लाउग कोण?"

"काकू." तो खुर्चीत बसला. "तिनेच दिली होती त्यांना ही बंदूक. लग्नाच्या दिवशी. दोन उन्हाळे मासळीच्या कारखान्यात राबून घेतली होती. तिलाच कुणीतरी फसवलं... आणि काकांना ते दोन वर्षांत कळलं होतं."

"आणि मग पन्नास वर्षं सगळ्यांना अठरा सांगत फिरले," तिरिल म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला.

तीन वाजता ऑस्लोचे गृहस्थ आले. हालवार्डने त्यांना खोलगट जागा दाखवली आणि नंबर खरा नसल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, त्याचे आभार मानले आणि निघून गेले.

"आता?" तिरिलने विचारलं.

"आता कॉफी. आणि हे 'तुम्ही' पुरे झालं. माझ्या काकांचं गुपित माहीत असलेली तू एकटीच आहेस."

पुढच्या आठवड्यात तो तिच्या दुकानात उभा. आस्लाउगकाकूचा चांदीचा चमचा घेऊन. त्यावर काकूचं नाव कोरायचं होतं. चार दिवसांनी दुसरा चमचा. मग तिसरा.

"असे किती आहेत?" तिरिलने विचारलं.

"सहा."

"लार्विकहून दर वेळी दोन तास गाडी हाकतोस. सगळे एकदम का नाही आणलेस?"

"मग एकदाच यावं लागलं असतं."

तिरिलने मान खाली घातली आणि कोरायला लागली. त्या दिवशी 'आ' नेहमीपेक्षा जरा मोठा आला.

सहावा चमचा द्यायला ती स्वतःच लार्विकला गेली. आस्लाउगकाकू अठ्ठ्याहत्तरची, ताठ, डोळ्यांत मिश्कीलपणा. बंदूक भिंतीवर परत आली होती.

"हा म्हणतो, विकायचीच नाही, मला हवी," काकूने तक्रार केली. "होड्यावाल्याला बंदूक कशाला? तू त्यातली जाणकार ना गं? मग सांग मला. अठराचीच आहे ना ती?"

हालवार्ड कॉफी ओतायचा थांबला. तिरिलने आजवर कुणालाही आकडा चुकीचा सांगितला नव्हता. तिने भिंतीकडे पाहिलं, मग काकूच्या हातांकडे. दोन उन्हाळे...

"अठरा आकडा तर कारखान्याचाच आहे," ती म्हणाली. "आणि काकू, मी शेकड्यांनी क्राग पाहिल्या. इतकी जिवापाड जपलेली एकही पाहिली नाही."

"हात लावू द्यायचा नाही तो कुणाला," काकू समाधानाने म्हणाली. "दुरुस्तीलासुद्धा कधी बाहेर दिली नाही."

निघताना हालवार्ड तिला धक्क्याजवळच्या स्टेशनापर्यंत सोडायला आला. पाणी करडं होतं, वारा बोचरा.

"खोटं बोललीस?" त्याने विचारलं.

"नाही. पण सगळं खरंही बोलले नाही. पहिल्यांदाच." ती थांबली. "काकांसारखं मला जमणार नाही, हालवार्ड. पन्नास वर्षं पोटात ठेवायचं वगैरे... मला आठवडाभरही धीर धरवत नाही."

"कशाचा धीर?"

"चमचे संपले," तिरिल म्हणाली. "आणि तू आता कशासाठी येणार, याचा विचार करकरून मला चार रात्री झोप नाही. झालं. सांगितलं."

लाकडावर ठेवला होता तसा त्याने तळवा तिच्या गालावर ठेवला, आणि थांबला.

"घरात चांदीचे जेवणाचे काटेसुद्धा आहेत," तो म्हणाला. "पण मी ते आणणार नाही. मी नुसताच येईन."

"कधी?"

"तुझी आगगाडी सुटायला अजून वीस मिनिटं आहेत ना? मग मी आत्ताच तुझ्याबरोबर येतो."